पूजेचा डबा ट्रकात गेला

अहो,

फोन उचलत नाही तुम्ही, ऑफिसच्या निरोपसमारंभात असाल. घरी आलात की आधी अप्पांकडे बघा. त्यांचा पूजेचा डबा ट्रकातून नागपूरला निघालाय. गळ्यात दोरा काचतो म्हणून हल्ली इष्टलिंग त्यातच ठेवतात. ते आंघोळीला गेले आणि हमालांनी डबाही उचलला. काही मागं ठेवू नका, असं तुम्हीच बजावलं होतं की त्यांना! देव शेवटी उचलायचे, तेही आपल्या हातानं, हे आत्ता कळून काय उपयोग?

ड्रायव्हरचा फोन बंद आहे. घर इथं जवळच कुंभारीत आहे त्याचं, जेवायला थांबला असेल म्हणून शेजारच्या चंद्रिकाची स्कूटी घेऊन निघालेय. त्याचा फोन आला तर असावा म्हणून माझा मोबाईल अप्पांजवळ ठेवलाय.

पूजेशिवाय ते पाणीसुद्धा घेत नाहीत. शुगरचा माणूस, सकाळपासून उपाशी आहे. मठातून दुसरं लिंग आणू का विचारलं, तर म्हणाले, "जन्मल्यावर बांधलेलं हाय ते. दुसरं कसं चालंल गं?"

त्यांच्यावर ओरडू नका. रिकाम्या हॉलमध्ये डावा तळहात पुढं धरून बसलेत, लिंग हातावर असल्यासारखे. मी येते म्हटलं तर मान हलवली, पण हात काही खाली घेतला नाही.

दानेश्वरी