डॅन्यूबची ओटी

कोल्हापूर, रविवार, संध्याकाळ

कुरुंदवाडहून आक्का, माझ्या थोरल्या नणंद, आमच्या युरोपातल्या डॅन्यूब नदीवरच्या क्रूझचे फोटो बघायला आल्या होत्या. बसल्या बसल्या विचारलंच, "वैनी, त्या नदीची वटी भरलीस न्हवं?" आम्ही निघताना त्यांनीच खण-नारळ दिला होता. "किस्नाबाईचीच भैन ती. तिला सांग, औंदा आमच्या घरात पाणी नको."

मी म्हणाले, "भरली की!"

का म्हणाले? बॅगेचं वजन वाढेल म्हणून नारळ नेलाच नव्हता. वजन कसलं! डेकवरच्या गोऱ्या लोकांसमोर लाज वाटली असती, म्हणून.

आक्कांनी फोटोतल्या डॅन्यूबला हात जोडले. त्याच फोटोत माझ्या हातात वाइनचा ग्लास.

खण-नारळ अजून कपाटात आहे. उद्या पंचगंगेत सोडावा म्हटलं, तर तीही वाहत जाते आक्कांच्याच दारावरून.