गव्हाच्या कोठीतला अंतराळवीर

३ एप्रिल १९८४, संध्याकाळ
ऐतिहासिक दिवस. आपला माणूस अंतराळात गेला. रेडिओवर ऐकताना अंगावर काटा आला. आईला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "बरं जयं. पानी कव्हय येई ते सांग."
मी पंचायत समितीत टंचाईच्या टेबलावर बसतो. माझे टँकर खेड्यांना जातात, पाचोरा शहराचं पाणी नगरपालिकेकडे आहे. हे आईला समजावून थकलो. संपूर्ण गल्लीला समजावून थकलो.
निश्चय : पुढचा भारतीय मी. वय चौतीस, दात शाबूत, चष्मा फक्त वाचायला.

५ एप्रिल
पेपरात ट्रेनिंगची माहिती आली आहे. बंद जागेत, गर्मीत, एकट्याने, कुणाशी न बोलता राहायची सवय करावी लागते म्हणे. वाचून हसू आलं. पत्र्याखालच्या दोन खोल्या, त्यात आईचा खोकला, ऑफिसात वर फिरणारा पण वारा न देणारा पंखा. मी आयुष्यभर ट्रेनिंगमध्येच आहे. फक्त कोणी नोंद घेतली नाही.
तरी सराव शास्त्रोक्त हवा. जागेचा प्रश्न आहे.

८ एप्रिल, रविवार
प्रश्न सुटला! गव्हाची कोठी. बाबांनी भुसावळहून आणलेली, पत्र्याची, माझ्यापेक्षा वीतभर उंच. वर माणूस जाईल एवढं तोंड आणि झाकण, खाली धान्य काढायची छोटी झडप. गेल्या सालचा गहू संपला, आईने कोठी पुसून ठेवली आहे. नवा गहू यायला वेळ आहे. घरात मोकळी अशी ही एकच जागा. यान म्हणून आदर्श.
स्टुलावर चढून आत उतरलो. आत एरंडेलाचा वास. गेल्या वर्षी गव्हाला चोळलेलं असणार. थोड्याच वेळात अंगाला खाज सुटली आणि बाहेर आलो. खाजेचा अंतराळाशी संबंध नसल्यामुळे हा प्रयोग नापास धरलेला नाही.

१४ एप्रिल
ऑफिसला सुट्टी. उन्हाचा पारा चव्वेचाळीसवर. कोठीत त्याहून जास्त. घाम इतका आला की बनियन पिळला. बायकोने, प्रमिलाने, विचारलं, आत काय करता? म्हटलं, उष्णता सहन करतो. ती म्हणाली, मीही करते, चुलीपुढे. तिला विनोदाची हौस आहे.
आईने मात्र कोठीत पाय घालायला बंदी केली. धान्याच्या जागी चपलेचे पाय नकोत म्हणते. मी चपला काढून उतरतो हे तिला पटत नाही. आता तिचा डोळा चुकवून उतरावं लागणार. गॅलिलिओलाही घरच्यांनी त्रास दिला असेल.

१७ एप्रिल
अर्जाचा मसुदा तयार. बंगलोरला पाठवायचा. शेजारच्या टेबलावरचे झुलालभाऊ म्हणाले, सरकारी नोकर आहेस, अर्ज साहेबांच्या मार्फतच गेला पाहिजे. आता साहेब हा अर्ज दाबून ठेवणार हे उघड आहे. माझ्यासारखा माणूस टंचाईतून सोडतील होय? उन्हाळ्यात तर नाहीच.
म्हणून अर्ज तूर्त माझ्याच ड्रॉवरमध्ये. शिवाय फोटो काढायचा आहे.

२१ एप्रिल
प्रमिला जेवताना धुळ्याचं काहीतरी सांगत होती. शाळा, जागा, मुलाखत वगैरे. तिचं डी.एड. लग्नाआधीच झालंय, ते ती अधूनमधून आठवण करून देते. मी मनातल्या मनात श्वास रोखायचा सराव करत होतो, त्यामुळे मध्ये बोलता येईना. मान हलवली. ती खूश झाली. बायकांना ऐकणारा नवरा हवा असतो, बाकी काही नाही.

२७ एप्रिल
संकट. नवा गहू आला. लोटन हमालाने पोती पुढच्या खोलीत रचली. आता त्या खोलीत जायचं तर पोत्यांवर पोट घासत जावं लागतं. आई म्हणते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत कोठी भरून टाकू. मी ठाम नकार दिला. कारण सांगितलं की गहू ओला वाटतो, ऊन दाखवा. आईने गहू दाताखाली फोडून दाखवला. कडकन आवाज आला. मी म्हटलं, तरी पण.
सात पिढ्या गहूच भरत आल्या. कोठीकडे दुसऱ्या नजरेने बघणारा या घराण्यात मी पहिला.

१ मे
सुट्टी. फोटो स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरने विचारलं, लग्नासाठी की लायसनसाठी? उत्तर न देता परत आलो. अशा माणसाकडून काढलेला फोटो बंगलोरला शोभणार नाही. जळगावला जाऊन काढीन.

२ मे
रुपचंद आला आणि प्रमिलाला आखाजीसाठी माहेरी धुळ्याला घेऊन गेला. रुपचंद तिचा भाऊ. मला म्हणाला, दाजी, तुम्ही परवानगी दिली, मोठं मन आहे तुमचं. आखाजीला माहेरी जायला परवानगी कसली लागते? तरी आभार स्वीकारले.

४ मे, आखाजी
वजनरहित अवस्थेचा सराव. गल्लीत लिंबाला झोका बांधला आहे. माहेरवाशिणी गाणी म्हणत झोके घेत होत्या. त्या दुपारी जेवायला गेल्या तेव्हा मी चढलो. वर गेल्यावर क्षणभर शरीराला वजनच उरत नाही! विलक्षण अनुभव. मात्र त्याआधी तीन सांजोऱ्या आणि वाटीभर आमरस झाला होता, हे विसरलो. तपशील लिहीत नाही. शेजारच्या भागाबाईंनी राख टाकली.
पोरींनी त्यावर तिथल्या तिथे गाणं रचलं. चाल चांगली होती.

८ मे
आमरस टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबमध्ये भरून खाल्ला. अंतराळवीर असंच खातात. चव पेपरमिंटची. आई म्हणाली, "आंबा नासा ना रे, भाऊ!" प्रमिला असती तर ट्यूब नीट धुऊन दिली असती. तिचं माझ्यावाचून कसं चाललं असेल धुळ्याला, कोण जाणे.

१३ मे
प्रमिला आली. चेहरा उजळलेला. म्हणाली, झालं काम. मी म्हटलं, छान. कोणतं काम ते विचारणार होतो, पण पोत्यांमागे उंदीर दिसला आणि आई ओरडली.

२० मे
माझ्या ध्येयाची घरात किंमत नाही असं मी समजत होतो. चुकलो. प्रमिलाने तयारीचा सपाटा लावला आहे! वर्षाचे पापड, कुरडया, तिखट, हळद, सगळं डब्यांत. डब्यांवर कागद चिकटवून नावं लिहिली. मी विचारलं, एवढी घाई? ती म्हणाली, मागे तुमचे हाल नकोत.
काय बोलावं! मी गेल्यावर घर चालावं म्हणून ही आत्तापासून झटते आहे. "मागे" म्हणजे मी परत आल्यावर, असा अर्थ घेतला. डोळ्यांत पाणी आलं. तिखटही उडत होतं.

२६ मे
प्रमिलाने मला कुकर लावायला शिकवलं. आईच्या गोळ्या कोणत्या, कधी, तेही सांगितलं. वरण जमलं. भात लागला. अंतराळवीराला स्वयंपाक यायला हवा हे हिला कुणी सांगितलं असेल? पेपर वाचत असणार.
मी मोठ्या मनाने म्हटलं, मी गेल्यावर तूही वेळ जायला काहीतरी कर. ती म्हणाली, तुम्ही खरंच ऐकत नाही का हो?

३१ मे
अर्ज अजून ड्रॉवरमध्ये. टाइपरायटरची रिबन फिकी पडली आहे. एवढं मोठं काम फिक्या अक्षरात करणार नाही. साहेबांनी आज बोलावून विचारलं, तुझं काही काम आहे का माझ्याकडे, झुलाल म्हणत होता. मी म्हटलं, काही नाही साहेब. त्यांच्या नजरेत कपट होतं. जाणूनबुजून अडकवून ठेवलंय मला इथे. साहेबांनी, टँकरांनी, आईच्या गुडघ्यांनी, प्रमिलाच्या स्वभावाने. एक दोरी तोडावी तर दुसरी आवळते.

८ जून
आभाळ भरून येतंय. आई म्हणते, रविवारी कोठी भरणार म्हणजे भरणार, गव्हाला ओल लागली तर वर्षाचं धान्य जाईल. प्रमिलाही म्हणाली, रविवारी भरून टाकू, मग मी मोकळी. मी मान हलवली. त्याच वेळी मनात अंतिम चाचणीचा आराखडा पक्का होत होता : रविवार, दुपार, झाकण बंद, कुणालाही पूर्वसूचना नाही.

११ जून, सोमवार
रजा टाकली आहे. कंबर धरली आहे. कालचं लिहून ठेवतो.
जेवण करून सगळे आडवे झाले तसा कोठीत उतरलो, झाकण ओढून घेतलं, मांडी घातली. सगळं ठीक चाललं होतं. बहुधा डोळा लागला. जाग आली ती झाकण उघडल्याच्या आवाजाने, आणि डोक्यावर गहू कोसळू लागला.
ओरडलो नाही. अंतराळवीराने अनपेक्षित प्रसंगी शांत राहायचं असतं. वाटलं, हीच खरी चाचणी. डोळे मिटून शांत राहिलो. पोतं संपलं. गहू मांडीच्या वर आला. उठायला गेलो तर पाय हलेनात. तेवढ्यात दुसरं पोतं. तेव्हा ओरडलो. पत्र्यात आवाज असा घुमला की मलाच भीती वाटली. लोटन स्टुलावरून पडला आणि "माय वं, कोठीमा भूत शे!" म्हणत अंगणात पळाला. आईचा आवाज आला, "भूत नई रे बाबा. आमना गिरधर शे."
गहू छातीपर्यंत. वर ओढून निघेना, लोटनने वरून वाकून माझे हात ओढून पाहिले. शेवटी खालची झडप उघडली. तिच्यातून गहू येतो तो पसापसाने, आणि मधे माझं ढोपर आडवं. प्रमिला सूप घेऊन झडपेपाशी बसली आणि गहू ओढायला लागली. ओढता ओढता बोलायला लागली.
उद्या तिला धुळ्याच्या शाळेत हजर व्हायचं आहे. चार वाजताची गाडी. रुपचंदच्या गल्लीत खोली पाहिली आहे. शनिवारी येईन, रविवारी जाईन. आईंना सगळं माहीत आहे, त्यांनीच जा म्हटलं. आईंच्या गोळ्या फळीवर डाव्या हाताला.
पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. दुसरं काही करता येत नव्हतं.
विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही मान हलवलीत. मी तुमच्या मानेवर अर्ज केला.
मग ती म्हणाली, पाच वर्षं या दोन खोल्यांत मला कोंडल्यासारखं होतं. तुम्हांला कधी दिसलं?
मला वाटत होतं कोंडला गेलोय तो मी. म्हणालो, थांब. तिने विचारलं, कशासाठी? मी विचार करत होतो. ती सूप हातात धरून थांबली होती, खरंच थांबली होती. मला एकही कारण सुचलं नाही. रडू आलं. घामात कळलं नसेल.
रुपचंद रिक्षा घेऊन आला. जाण्याआधी तिने स्टुलावर चढून वरून पाण्याचा तांब्या खाली धरला. हात दिसला, बांगड्या दिसल्या. मान वर करता येत नव्हती, त्यामुळे तोंड दिसलं नाही.
मला बाहेर काढलं तेव्हा दिवेलागण झाली होती. लोटन अजून माझ्याकडे पाठ करत नाही.

१७ जून, रविवार
प्रमिला काल आली, आज गेली. चौथीचा वर्ग मिळालाय. पोरं फार गोंगाट करतात म्हणाली आणि हसली. असं हसताना तिला पाहिल्याचं आठवत नाही. स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटल्यावर तिने हात केला. मी उगीच दुसऱ्या गाडीची पाटी वाचत उभा होतो, उशिरा पाहिलं.

२४ जून, रविवार
या शनिवारी ती आली नाही. शाळेत काही काम निघालं. दोन दिवस धरून ठेवलेलं बोलणं तसंच राहिलं. घर फार मोठं वाटतं. दोन खोल्या आहेत.
दुपारी आई गहू निवडत होती. मी तिला म्हटलं, तू, हे घर, हे ऑफिस नसतं ना, तर मी आज कुठल्या कुठे असतो.
आई रागावली नाही. खडा बाजूला टाकत म्हणाली, "मंग जाय ना, भाऊ. माले भागाबाई शे शेजारले. तुले कोनी धरी ठेयेल शे?"
बराच वेळ उंबऱ्यावर बसून होतो. दार सताड उघडं होतं, रस्ता मोकळा होता. आईने डबा भरून पुढे सरकवला.
दळण टाकून आलो.