मॅट सपाट ठेवावी

४ मे, रात्री
आजपासून राग बंद. कायमचा.
कॉलेज मी रागातच सोडलं. एस.वाय.ला होतो, सर म्हणाले बाहेर जा, मी गेलो तो गेलोच. त्याचा पश्चात्ताप नाय. पण पौर्णिमाला तापट माणसं आवडत नायत, असं तिच्या वहिनीकडून कळलं. म्हणून बंद.
पौर्णिमा विहाराच्या हॉलमधे बायकांना गोधड्या शिकवते. पंचवीस तारखेला शहापूरच्या प्रदर्शनात वीस गोधड्या मांडायच्यात. बायका कात्रीने चौकोन कापतात, एक दुसऱ्यासारखा होईल तर शपथ. चाकवाला कटर आलाय, पण खाली घ्यायला कटिंग मॅट नाय. मी म्हटलं मी आणतो, मला मॅटमधलं सगळं कळतं. ती म्हणाली, खरंच का रे महेंद्र? नाव घेऊन म्हणाली.
दुपारी मोबाइलवर कटिंग मॅट म्हणजे काय ते बघितलं. सोपं आहे.

५ मे
बाइकवर कल्याण. दुकानदार लुच्चा. भिंतीवर दोन मॅट टांगलेल्या, एक चोवीस बाय छत्तीस, दुसरी साठ बाय नव्वद. तो म्हणे दोन्ही सारख्याच, उलटून बघा. मी काय दूधखुळा आहे? साठ बाय नव्वदच घेतली. हिरवी, जाड. कापल्याची खूण आपोआप भरून येते म्हणे. मग सूचना द्यायला लागला. सपाट ठेवा, ऊन लावू नका, गुंडाळू नका. मी म्हटलं गादीवर झोपवतो. तो हसला. राग केला नाय, फक्त निघताना त्याचं स्टूल पाडलं.
मॅट गुंडाळून दोरीने बाइकला करकचून बांधली. दुसरा मार्गच नव्हता.
वाटेत मुरबाडला सुयोगच्या रेडियमच्या दुकानासमोर थांबलो. हा नंबरप्लेटी करतो. पौर्णिमाच्या हॉलवर 'गोधडी केंद्र' असा बोर्ड फुकट लावून गेलाय. फुकट कोण लावतं? तासभर उन्हात उभा राहून त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने पाणी विचारलं. नाय घेतलं.

६ मे
दोरी सोडली. मॅट उघडेना. पन्हळीसारखी झालीय. कंपनीच फालतू.
आई म्हणाली, तुझ्यासारखीच निघाली, सरळ सांगून ऐकत नाय.
खूण खरंच भरते का बघायला कोयत्याने एक बारीक वार केला. उद्यापर्यंत भरेल.

७ मे, रात्री
या घरात माणसं राहतात का राक्षस?
बाईजाआत्याने अंगणातल्या ओट्यावर मॅट पसरून त्यावर तांदळाचे पापड वाळत घातले. कोपऱ्यांवर चार दगड. वर मलाच म्हणते, बरे चौकोन आखलेत रे, मोजायला सोपे पडतात.
मॅट तापून एकदम सपाट झाली होती. पण तो मुद्दा नाय, तत्त्वाचा प्रश्न आहे. तशीच गरम उचलली, पापडांसकट, आणि भिंतीला उभी टेकवली. आत्या काय काय बोलली ते लिहीत नाय. शिव्या देत देत आजोबांपर्यंत पोचली.
संध्याकाळी मॅट धनुष्य. आत्याच्या दगडांमुळे.
वार भरला नाय. थोडं पीठ भरलंय.

९ मे
डोकं वापरलं. इस्त्री. फुल्ल गरम.
कडा जवळजवळ सरळ. मधोमध एक फुगा आलाय आणि करपल्याचा डाग. लांबून दिसत नाय. आई इस्त्रीचा तळ घासत बसलीय आणि माझ्याशी बोलत नाय. बरंच आहे.

११ मे
मॅट दिली. हसतमुख राहून दिली.
पौर्णिमा म्हणाली, हे सेंटिमीटर आहेत, आमचे चौकोन इंचात. मी म्हटलं हल्ली जगात सगळीकडे सेंटिमीटरच चालतात. तिने मॅट उलटली. मागे इंच. मी म्हटलं मला माहीत होतं.
पट्टी ठेवली तर फुग्यावर होडीसारखी डुलायला लागली. धोंडूबाई म्हणाली, पौर्णिमा गो, याच्यावर गोधडी कापायची का माळशेजचा घाट चढायचा? बायका हसल्या. पौर्णिमा हसली नाय. तिने बोट फिरवून कोयत्याचा वार बघितला, मग डाग बघितला, आणि फक्त म्हणाली, चौदा दिवस राहिलेत रे.
त्यापेक्षा हसली असती तर बरं.

१२ मे
हॉलवर जायचं नाय असं ठरवलं. दहा वाजता गेलो.
सुयोग आलेला. स्वतःची मॅट घेऊन. दोन प्लायच्या मधे ठेवून, आडवी. रेडियम कापायला सहा वर्षं वापरतोय म्हणे. बायकांना सांगत होता: एकाच रेघेवर रोज कापू नका, मधून मधून फिरवा, कोमट पाण्याने पुसा, दोरे चिमट्याने काढा, ब्लेड बोथट झालं की बदला, दाबू नका. हे सगळं मला माहीत होतं. मला कोणी विचारलं नाय.
माझ्या मॅटकडे बघून म्हणाला, फुगा जाणार नाय, पण एक दिवस जड वजनाखाली ठेवली तर कडेला छोटे तुकडे कापता येतील. धोंडूबाई म्हणाली, वजन कशाला शोधता, हा महेंद्र बसलाय ना रिकामा.
पौर्णिमाने विचारलं, बसशील का रे?
बसलो. तिने स्वतः प्लाय ठेवली आणि मी वर बसलो. सुयोगची नुसती मॅट. माझी मॅट आणि वर मी. हिशोब स्पष्ट आहे.

१३ मे
सकाळी नऊपासून बसलो. तिच्यापासून सहा हातांवर. जागेवरूनच सगळ्यांना मार्गदर्शन केलं. चंदा पट्टी चुकीची धरते, धोंडूबाई दाबते, सुयोगचं काय चुकतं ते सविस्तर सांगितलं. एका बाईचे चार चौकोन बोलण्याच्या नादात तिरके गेले. तो तिचा दोष.
दुपारी पौर्णिमा समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता. ती म्हणाली, महेंद्र, ऊठ. तुमच्या घरी तांदळाची गोण असेल ना?
आहे म्हटलं.
म्हणाली, ती आण. तुझ्याएवढीच जड असेल, आणि गोण बोलत नाय.
राग आला नाय. खरंच नाय आला. कुठे गेला कळत नाय.
आईने गोण देताना एका शब्दाने विचारलं नाय. खांद्यावर मीच नेली. प्लायवर ठेवताना सुयोगने दुसरी बाजू धरली. मी धरू दिली.

१४ मे
हॉलवर गेलो नाय. आई जाऊन आली. म्हणाली, गोणीखाली मॅट बरीच बसलीय. दुपारपासून कडेला चंदा त्यावर कापतेय.
वार तसाच आहे म्हणे.