बाटली थांबवू नका

शुक्रवार, ४ तारीख

चि. ठेंगूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सहा फुटी भावाला ठेंगू म्हणणारी आता मी एकटीच उरले, तेव्हा कुरकुर करू नकोस. फोनवर बोलले की सून दाराआड कान देऊन उभी राहते, म्हणून लिहितेय. काळजी आहे तिला, दुसरं काय.

आधीची दोन्ही औषधं लागू पडली नाहीत, गाठ वाढलीच. आता गुरुवारी नवीन औषध, शिरेतून, थेंब थेंब सहा तास. यानंतर देण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या. पहिल्या वेळी खाज, थंडी, घसा आवळणं असं काहीही होऊ शकतं. झालं तर लगेच सांगा, असं तीनदा बजावलं.

पण तपासणीच्या रांगेत एक बाई भेटली. तिच्या जावेला पहिल्याच दिवशी त्रास झाला आणि ते औषध कायमचं बंद केलं म्हणे. माझंही बंद केलं, तर पुढे काहीच उरत नाही. मी ठरवलंय, काही झालं तरी सांगायचं नाही. सुई बोटात घुसली तरी गिऱ्हाइकासमोर मी कधी हूं की चूं केलेलं नाही. तुला माझी शपथ आहे, कोणाला बोलू नकोस.

तब्येत सांभाळ, बहिणीवर माया असू दे.

ताई

मंगळवार, ८ तारीख

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. काल लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो आणि वरची वीज बंद केलीय की नाही तेच आठवेना. साहेबांनी बाहेर काढून घरी पाठवलं.

लिफ्ट मध्येच थांबली की आतले लोक आम्हाला शिव्या घालतात. पण ती थांबते म्हणूनच ते वाचतात. आम्ही बिघाड बघतो आणि पुन्हा चालू करतो, भंगारात काढत नाही. त्या जावेचं नेमकं काय झालं, ते तुला धड माहीत तरी आहे का? सूनबाईला सांगावंसं फार वाटतं, पण तू माझे हात बांधून ठेवलेस. हा हट्टीपणा पुरे कर.

तुझ्या धाकात वाढलेल्या भावाचं एवढं ऐक.

ठेंगू

गुरुवार, १० तारीख, सकाळी साडेदहा

चि. ठेंगूस अनेक आशीर्वाद.

उपदेश मिळाला. बाटली आत्ताच लागली. सून बाहेर बसलीय. नर्स चुणचुणीत आहे, पण तिच्या कोटाचं वरचं बटण लोंबतंय. दोन टाके घालून द्यावेत असं सारखं वाटतंय.

पावणेबारा. तळहात खाजताहेत. नर्सने विचारलं, मी ठीक म्हणाले.

बारा वाजून दहा. थंडी भरलीय. चादर हनुवटीपर्यंत ओढून बसलेय. अक्षर वाकडं येतंय. अर्धी बाटलीसुद्धा संपली नाही.

सव्वाबारा. घसा. सुनेला सांग, टेबलावर सात गणवेश आहेत, फक्त बाह्या लावायच्या राहिल्यात, मुलांची शाळा सोमवारी. हे मी काय लिहायला लागले? मला भीती वाटतेय रे. मरायचं नाहीये मला.

पुढचं मी, नर्स, लिहितेय. काकूंचे हात अजून थरथरताहेत. त्या बोलल्या नाहीत, हा कागदच माझ्या हातात दिला. बाटली लगेच थांबवली, इंजेक्शन दिलं, तासाभराने अगदी सावकाश पुन्हा सुरू केली. आता नीट चाललीय. या औषधाच्या यादीतून आपलं नाव कापणार का, असं त्या सारखं विचारताहेत. नाही कापणार. पहिल्या दिवशी आम्हाला बाटली बऱ्याचदा थांबवावी लागते. आणखी दहा मिनिटं त्या गप्प बसल्या असत्या, तर मात्र हे औषध त्यांना पुन्हा देता आलं नसतं.

सोमवार, १४ तारीख

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दारातच उभ्याने दोनदा वाचलं. आता माझंही ऐक. गुरुवारी सकाळी वॉर्डाचा नंबर मिळवला होता. अकरा वाजता लावलासुद्धा. पलीकडून एक मुलगी दोनदा हॅलो म्हणाली. मला तुझी शपथ आठवली आणि मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून स्वतःची लाज वाटतेय.

तू कागद तरी पुढे केलास. मी तेवढंही केलं नाही.

पुढच्या खेपेला रजा घेतलीय. तुझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसणार, आणि तू नुसती खोकलीस तरी सगळा वॉर्ड गोळा करणार. शंभर शपथा घाल, एकही पाळणार नाही.

रागवायचं ते रागव, पण अंतर देऊ नकोस.

ठेंगू