शेवटच्या बाकाचं झालं का

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज कागद पुढे ओढला आणि तुमचं टेंभी नाक्याजवळचं स्वयंपाकघर आठवलं. नव्वदच्या दशकातली ती दुपार. मला शाळा सोडून पंचवीसेक वर्षं झालेली, तुम्ही निवृत्त; तरी दारात उभं राहताना मी शर्टाची बटणं चाचपली होती. हातात चार छापील कागद होते. तुम्ही ते बाजूला ठेवलेत, मोड आलेल्या वालांचं पातेलं माझ्यापुढे सरकवलंत आणि म्हणालात, "आधी हात चालव, मग तोंड."

मी डाळिंब्या सोलत सोलत सांगतो आहे. कंपनीने मोडीत काढलेला एक संगणक टेम्पोत घालून मी डोंबिवलीला घरी आणलाय. जगभरचे हौशी लोक मिळून संगणक चालवणारी एक प्रणाली लिहितात, कुणालाही वापरायला खुली. यंत्रं तऱ्हेतऱ्हेची, आणि प्रत्येक जातीच्या यंत्रावर ती चालती ठेवणारा एक सांभाळणारा. माझ्या यंत्राच्या जातीचा मी. पण मधला बराचसा भाग सगळ्यांचा सामाईक. तिथे एकाने हात लावला की दुसऱ्याचं यंत्र अडतं. म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी नियम लिहायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आलं. मला सुचतं मराठीतच, म्हणून आधी मराठीत लिहिले. इंग्रजी मागाहून करणार होतो.

तुम्ही चष्मा लावून सगळं वाचलंत. "अरे, हे कुणासाठी लिहिलंयस?"

"नवीन येणाऱ्यांसाठी, बाई."

"मग चिडलायस कुणावर?"

चिडलो होतो खरा. परदेशातल्या एका माणसाकडे फार जुनं, संथ यंत्र होतं. मी केलेला बदल माझ्याकडे झकास चालला आणि त्याचं यंत्र आठवडाभर सुरूच होईना. चूक माझीच; मी फक्त माझ्या घरात तपासून पाहिलं होतं. पण नियमात लिहून टाकलं की, जे यंत्र मागे पडेल ते वगळून पुढे जावं. त्या ओळीवर तुम्ही ओलं बोट ठेवलंत, शाई पसरली. "कविता पाठ झाली की तू असाच जागेवरून उठायचास."

आणि मी पुन्हा वर्गात. तुम्ही एक ओळ म्हणता, वर्ग म्हणतो, पण पुढची ओळ काही तुम्ही देत नाही. "शेवटच्या बाकाचं झालं का?" शेवटच्या बाकावर खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी, सकाळी आईबरोबर मासळीबाजार करून आलेली. ती आपल्या हेलात ओळ म्हणते. तो हेल तुम्ही कधी सुधारला नाहीत, ओळ मात्र पुरी करून घेतलीत. तेवढ्यात मी पुढच्या चार ओळी घडाघडा म्हणून मोकळा होतो. "तुझी झाली रे. वर्गाची व्हायचीय."

त्या दुपारी मी ती ओळ खोडली. लिहिलं, सामाईक भागातला बदल आधी प्रत्येक सांभाळणाऱ्याला दाखवावा, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबावं. तुम्ही हसलात. "आणि थांबणाऱ्यांनी किती थांबायचं?" मग तुमच्याच लाल पेन्सिलीने खाली जोडलंत: ज्याला आता झेपत नाही, त्याने तसं सांगावं. निघताना उसळीचा डबा दिलात. पुढे नियम कितीदा बदलले, पण ह्या दोन ओळींना अजून कुणी हात लावलेला नाही.

आता ऐका. गेल्या महिन्यात एका मुलीचं पत्र आलं. कल्याणची निघाली. सामाईक भागात तिने मोठं काम केलंय, वर्षभर खपून. सगळ्यांचे होकार आले. लिहिते, "काका, फक्त तुमचंच राहिलंय. तुमच्याकडे चाललं की पुढे जाऊ." नियम आहे, म्हणून सगळा वर्ग थांबलाय.

टेम्पोतून आणलेलं माझं ते यंत्र दिवाळीपासून सुरू होत नाही, बाई. सगळे उपाय करून झाले. रोज त्याच्यावरची धूळ पुसतो, भरतकामाचा रुमाल पुन्हा नीट घालतो. तिला कळवलंय, तपासून सांगतो. तपासायला काही उरलेलं नाही.

हा कागद तिच्या उत्तराचा कच्चा मसुदा करायलाच घेतला होता. वर 'बाई' लिहून गेलो. सांभाळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे, झेपत नाही म्हटलं की ते निघेल; ते अजून काही दिवस तिथे वाचायला मिळावं, एवढ्यासाठीच मी तिला थांबवून ठेवलंय.