टिटवीची ओवाळणी

१ ऑक्टोबर १९७५

टिटवीच्या पोटाखाली आम्ही दोघं उताणे पडलो होतो — दादा आणि मी. छत्तीस साल असेल. आमची ही शिडाची बोट लाकडी घोड्यांवर चढवलेली, आम्ही खाली चटईवर. मी कापसाच्या वाती वळून द्यायची, तो त्या फळ्यांच्या फटीत ठोकायचा. मध्येच त्याच्या नाकावर राळेचा थेंब पडला. तो ओरडला, मी हसत सुटले, आणि आतून आईचा आवाज — ‘थालीपीठ गार होतंय!’ एवढंच. विशेष काही घडलं नाही त्या दिवशी.

आज दादाचं मुंबईहून पत्र. ‘पमे, लोणावळ्यातला एक हॉटेलवाला आपली बोट मागतो आहे. बागेत ठेवून आत फुलझाडं लावणार. सतरा वर्षं शेडमध्ये पडून आहे, देऊन टाकू.’

फुलझाडं! टिटवीत!

उलट टपाली विचारलं — आणि तरली तर?

७ ऑक्टोबर

उत्तर आलं. ‘भाऊबीजेला येतो. तोवर तरली तर तुझी ओवाळणी. नाही तर कुंडी.’ सत्तरी उलटली तरी जीभ तशीच!

पुरता महिनाही नाही हातात.

९ ऑक्टोबर

सीताराम सुतार येऊन पाहून गेला. कंदील आत ठेवला तर बाहेर उजेडाच्या रेघाच रेघा. ‘बाई, ही नाव न्हाई, चाळण हाय.’ म्हटलं, चाळण तर चाळण, कामाला लाग. एकच फळी कुजलेली निघाली, डाव्या बाजूची. बाकी सागवान अजून खणखणीत वाजतं. माझगावच्या कारागिराचं काम आहे, थट्टा नाही.

१४ ऑक्टोबर

नवी फळी बसली. आता फटी. गंगी हाताशी आहे. बारा वर्षं माझ्याकडे धुण्याभांड्याला आहे, पण तिची बोटं अशी चालतात हे मला ठाऊकच नव्हतं! वात वळायची, बोथट छिन्नीने फटीत दाबायची, वरून लाकडी मोगरीचे हलके ठोके, मग तेलात वितळवलेली राळ. दुपारपर्यंत ती माझ्या पुढे गेली. म्हणाली, ‘बाई, तुमचा हात लय हलका पडतो. देवाची वात न्हाई ही.’

काम करता करता बोलत होती. तिची ठाकरवाडी नव्या धरणाच्या पलीकडे. पाणी आल्यापासून इकडे यायचं तर सगळा वळसा, म्हणून आठवडाभर ती माझ्याकडेच राहते. जावेला कळा सुरू झाल्या तेव्हा झोळीत घालून इकडे दवाखान्यात आणत होते. ‘वाटंतच झाली. पोर जगली, तेवढं बरं.’ मी मोगरी खाली ठेवली. तिने नाही ठेवली.

१९ ऑक्टोबर

शीड शिवून पूर्ण. बावीस ठिगळं. कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस टीप उसवून पुन्हा घालायला लावायच्या — ‘उलट बाजूसुद्धा सुलट दिसली पाहिजे.’ दिसते, सिस्टर!

२२ ऑक्टोबर

पूर्वी आम्ही चालवायचो त्या जुन्या तलावावर आता बोटीला परवानगी नाही, म्हणून दत्तोबाच्या ट्रकवरून धरणाच्या पाण्यावर नेली. आत दगड घालून काठाशी कमरेइतक्या पाण्यात बुडवली. लाकूड पाणी पिऊन फुगेल, फटी आपोआप मिटतील. दोन आठवडे लागतात. नेमके तेवढेच उरलेत.

२५ ऑक्टोबर

सत्यानाश!

जाऊन पाहते तर टिटवी काठावर, पालथी, रणरणत्या उन्हात! शेजारी गंगीच्या वाडीचा कोंडाजी, घामाघूम, चेहऱ्यावर केवढा आनंद. ‘बाई, तुमची नाव बुडाली व्हती! आमी सा जनांनी वढून काडली. आत दगडं व्हती. कुनीतरी डाव साधलाय तुमच्यावर.’

‘दगड मीच घातले, कोंडाजी.’

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग गंगीकडे. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं.

गंगीनेच सोडवलं. ‘आरं, काठवट तडकली की पान्यात टाकतो न्हाई का? तसंच हे.’

‘मंग आदी सांगायचं की!’ कोंडाजी माझ्यावरच डाफरला. आणि त्याच सहा जणांनी गणपती बोळवावा तशी ती पुन्हा बुडवली. एकाने तर ‘मोरया’सुद्धा म्हटलं. रागवावं की हसावं? हसले. पण फटी पुन्हा उघडल्या असतील, दिवसही गेले.

२६ ऑक्टोबर

कोंडाजी पहाऱ्याला बसला आहे. आता कोणी काढणार नाही म्हणतो!

५ नोव्हेंबर, भाऊबीज

तरली!!

सकाळी दगड काढले, पाणी उपसलं, कोरड्या फडक्याने आतून पुसून घेतली. दादाने पँट दुमडली, आणि घड्याळ लावून अर्धा तास आत बसला. मग तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला. तळवा मला दाखवला. कोरडा. ‘पमे, माझ्या हातून इतकी कोरडी कधी झाली नव्हती.’ दादाच्या तोंडून हे! काठावरच ओवाळलं त्याला. डोळे कशाने भरले कोण जाणे, निरांजनाच्या धुराने म्हणू.

शीड चढवलं. सुकाणू माझ्या हातात, दादा दोरीला, गंगी पुढे डोलकाठीला मिठी मारून. वारा अगदी हवा तसा. पलीकडे ठाकरवाडीच्या खाली लागलो. अख्खी वाडी काठावर.

गंगी उतरली, मागे वळून पाणी बघत राहिली. ‘वळसा घालून सकाळी निगालं की दुपार व्हती. तोंडातलं पान बी संपलं न्हाई आन आलो.’

एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘उद्या बी येनार का?’

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी दोर आवळत बसले.

८ नोव्हेंबर

दादाशी बोलले. ‘ओवाळणी तुझी, तू काय वाटेल ते कर,’ म्हणाला.

टिटवी — ठाकरवाडीला. ताबा गंगीकडे.
डोलकाठी सीतारामने उतरवावी, तिची दोन वल्ही करावीत.
शीड — अर्धं बसणाऱ्यांच्या डोक्यावर, सावलीला. अर्धं गंगीच्या जावेला, पोरीच्या झोळीसाठी.
छिन्नी, मोगरी, राळेचा डबा — गंगीला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.
नावाची पितळी पाटी — दादाला.
एका खेपेला सहा माणसं. शेळी म्हणजे एक माणूस.
उन्हाळ्यात वर काढली तर पुन्हा पाण्यात घालताना आधी दगड भरून बुडवायची. कोंडाजीला आधी सांगायचं.