तार नसताना येणारे मास्तर

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. लिहायला बसायचं कारण तसं साधं आहे. परवा सांगलीतल्या एका शाळेत मला बोलावलं होतं. ज्या घरांत इंग्रजीचा गंधही नाही, तिथल्या पोरांना इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांशी बोलायचं होतं. सगळे दमलेले. पालक शाळेत येत नाहीत, आलेच तर मान खाली घालून बसतात, ही त्यांची तक्रार. मी म्हटलं, मग तुम्ही त्यांच्या घरी जा, काही काम नसताना जा. त्यांतल्या एका पोरीने विचारलं, काम नसताना कशाला? उत्तर द्यायचं तर पार तुमच्यापर्यंत मागे जावं लागलं असतं, आणि चार लोकांत तेवढं बोलायचा दम आता माझ्यात उरलेला नाही. म्हणून घरी येऊन तुम्हालाच लिहिते आहे.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. कुंडलच्या अलीकडचं आपलं गाव, घरटी एक माणूस पलटणीत. तुम्ही वाईहून आलेले. देवळाच्या ओवरीत इंग्रजी पहिलीचा वर्ग चालवायचात आणि गावचं पोस्टही तुम्हीच सांभाळायचात. वर्गात मुलगी मी एकटीच, कारण पोरीलाही शिकवा असा माझ्या वडिलांनी, आबांनी, पलटणीतून निरोप धाडला होता. तुम्ही वाचायचात, आम्ही मागून सुरात म्हणायचो. अर्थाचं पुढच्या वर्षी बघू, असं तुमचंच म्हणणं होतं.

मग एक दिवस तुम्ही इस्लामपूरला गेला होतात आणि तालुक्याच्या तार ऑफिसचा शिपाई तार घेऊन थेट माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराच्या घरी गेला. त्या पोराचा चुलता लढाईवर होता. पोरगं हुशार. अंगणात उभं राहून त्याने खणखणीत आवाजात तार वाचली, कुठे अडखळला म्हणून नाही. कुणाला काही कळलं नाही, त्यालाही नाही. पण सायबाची भाषा आपल्या नातवाच्या तोंडून ऐकून आजीचा ऊर भरून आला. तिने साऱ्या आळीत गूळ वाटला. मीही खाल्ला. संध्याकाळी तुम्ही आलात तर तुमच्याही हातावर खडा ठेवत ती म्हणाली, "मास्तर, तुमी शिकिवल्यालं ऐका तर जरा." पोराने पुन्हा सुरुवात केली आणि तुम्ही त्याच्या हातातला कागद काढून घेतलात. चुलता गेला होता. तुम्ही ते सांगितलंत तेव्हा गूळ अजून तुमच्या मुठीत होता.

त्यानंतर तुम्ही शिपायाला बजावलंत, तार कुणाचीही असो, आधी माझ्याकडे आणायची, मी घरी जाऊन सांगेन. कुठल्याही लेकराने असलं काही आपल्या माणसांना वाचून दाखवायचं नाही. चांगलंच केलंत की, पण झालं काय? तुम्ही आळीत शिरलात की बायका दारं ओढून घ्यायला लागल्या. पांढऱ्या पायाचा मास्तर म्हणायला लागले लोक तुम्हाला. पोरं वर्गातून काढून शेळ्यांमागे लावली. वर्ग मोडायलाच आला. दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून वाई गाठली असती. तुम्ही काय केलंत, तर रोज संध्याकाळी घरोघर जायला लागलात, तार नसताना. सोप्यात घोंगड्यावर बसायचं, पोराकडून धडा वाचून घ्यायचा, आणि मग पोराने तो आपल्या भाषेत आईला सांगायचा. आईला कळला तरच धडा आला. माझी आई भाकरी थापता थापता मला हटकायची, "आन् त्यो कोल्हा मग गेला कुटं?" की मी पुन्हा पुस्तकात तोंड खुपसायची. होता होता तुमच्या येण्याचं भय गेलं. दारं उघडी राहायला लागली, पोरंही वर्गात परतली. तुम्ही किती थकत होतात ते मात्र आम्हाला कुठलं कळायला! चहाची बशी हातात धरूनच तुम्हाला डुलकी लागायची आणि आम्ही फिदीफिदी हसायचो.

आमच्याकडे तुमचा बुधवार. त्या बुधवारीही तुम्ही नेहमीसारखेच येता. आई चुलीपाशी आहे, धाकटा भाऊ जेवतो आहे. मी धडा वाचते, आईला सांगते. आई दोनदा अडवते, मी दोन्ही वेळा तिला समजावून देते. धडा संपल्यावर म्हणता, "शाब्बास." तुमच्या तोंडून हा शब्द तोवर गावात कुणी ऐकला नव्हता. मग मला जेवायला बसायला सांगता. माझं ताट रिकामं होईपर्यंत बसून राहता आणि म्हणता, भावाला घेऊन जरा शेजारी जाऊन ये. मी नाचतच जाते. परत येते तर सोपा बायकांनी भरलेला, आणि आईच्या हातात बांगड्या नाहीत. आबांची तार दुपारपासून तुमच्या खिशात होती.

मला तुमचा भयंकर राग आला, मास्तर. खिशात ते ठेवून या माणसाला कोल्ह्याची गोष्ट ऐकत बसवलं तरी कसं, असं वाटायचं. पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. आई मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिली, "पोरं जेवस्तवर थांबला मास्तर. माणूस हाय." मीही पुढे मास्तरीण झाले, लोकांच्या सोप्यात बसून जन्म घालवला, तरी तुमच्या जागी मी काय केलं असतं हे मला ठरवता आलेलं नाही. आता ठरवायचाही कंटाळा आला आहे.

सांगलीतल्या त्या पोरीला हे मी सांगणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवणार? एवढंच कबूल करते, जे आईला कधी सांगता आलं नाही. आबा गेल्याचं कळलं तो दिवस आठवायला बसले की रडू येण्याआधी मला तुमचं शाब्बास ऐकू येतं, आणि मला अजूनही आनंद होतो.